आरओच्या पाण्यात सोयाबीन कमी उगवलं. खोट पाण्यात का आमच्यात?

तेरणाकाठ
१४ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमचं गाव औशाच्या पलीकडं. दरवर्षी रोहिणीच्या आधी घरच्या सोयाबीनची उगवण तपासतो. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर बिया मांडायच्या, गुंडाळी करून सावलीला ठेवायची आणि सहाव्या दिवशी उघडून मोजायचं. यात नवीन काही नाही, तुमच्यातले निम्मे लोक हेच करत असतील.

यंदा लेकीनं त्यात हात घातला. जूनमध्ये ती आठवीत जाईल. सुट्टीत एखादा प्रयोग करून वहीत लिहून आणा असं शाळेतून सांगितलंय. ती म्हणाली, बाबा, आपण पाणी बदलून बघू. म्हणलं बघ. तिनं ५०-५० बियांच्या तीन पुड्या केल्या. काल उघडल्या, ते असं:

विहिरीचं पाणी: ५० पैकी ४१
आरओच्या जारचं पाणी: ५० पैकी २९
मिठाचं पाणी (लिटरला मूठभर मीठ): ५० पैकी ०

मिठाचं समजलं. जारचं मात्र काही केल्या कळेना. ते पाणी आम्ही रोज पितो. 'आरओचं पाणी म्हणजे मेलेलं पाणी' असा एक मेसेज व्हॉट्सअपवर फिरत असतो. तो वाचून बायकोनं जारच बंद करायचं काढलंय. वहीत 'आरओचे पाणी बियांना घातक असते' असं अनुमान लिहून लेक मोकळी झालीय. मला काही ते पचत नाही. जाणकारांनी सांगावं.

उदगीरचा_उनाड
१४ मे, रात्री ९:५२

आमच्या गल्लीत समदे जारचंच पाणी पेतेत. अजून तरी कुणाची उगवण घटली न्हाई. उलट वाढालीच हाय.

खडूफळा
१४ मे, रात्री १०:३०

तेरणाकाठ, आधी लेकीला शाबासकी द्या. तिनं पुडी उघडून मोजलं आणि आकडा लिहून ठेवला. माझ्या वर्गात निम्मी मुलं उत्तर आधी लिहितात आणि मग त्याला शोभतील असे आकडे घरी बसून तयार करतात.

पाणी मेलेलं का जिवंत, हा वाद बाजूला ठेवू. बी उगवायला पाण्यातली खनिजं लागत नाहीत. सोयाबीनच्या दोन डाळींमध्ये पहिल्या काही दिवसांची शिदोरी बांधलेलीच असते. बाहेरून लागतं ते पाणी, हवा आणि ऊब. त्यामुळे १२ बिया कमी उगवल्या तर माझा पहिला संशय पुड्यांवर जातो, पाण्यावर नाही.

'चल' हा शब्द मी फळ्यावर उशिरा लिहिते. आधी तीन रकाने पाडते. मी काय बदललं, मी काय मोजलं, मी काय तसंच ठेवलं. पहिला स्वतंत्र चल, दुसरा अवलंबी चल, तिसरा नियंत्रित चल. पहिले दोन रकाने मुलं पटकन भरतात. तिसऱ्यात 'बाकी सगळं' लिहून मोकळी होतात आणि सगळी भानगड नेमकी त्या 'बाकी सगळं'मध्ये दडलेली असते.

आमच्याकडचाच किस्सा सांगते. झोका जड असला की हळू जातो का, हे मुलांना बघायचं होतं. खिळ्याला २५ सेंटीमीटर दोरा, खाली लोखंडी नट. २० झोके मोजले तर बरोबर २० सेकंद लागले. मग त्याखाली दुसरा नट बांधला, त्याखाली तिसरा. आता २० झोक्यांना २१ सेकंदांच्या वर गेलं. तीन गटांनी तीनदा मोजलं, तरी तेच. वजन वाढलं की झोका मंदावतो, असं मुलांनी जाहीर करून टाकलं. पुस्तकात तर वजनाने फरक पडत नाही असं म्हटलंय. मग खोटं कोण?

एक मुलगी फुटपट्टी घेऊन उठली आणि खिळ्यापासून नटांच्या मधोमध मोजायला लागली. एका नटाला २५ सेंटीमीटर. तीन नट एकाखाली एक लटकवल्यावर मधला नट गेला २८ वर. वजन वाढवता वाढवता पोरांनी लांबीही वाढवली होती आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मग तिन्ही नट एका कापडात बांधून त्यांचा मध्य २५ वर आणला आणि परत २० सेकंद आले. त्या दिवशी तिसरा रकाना वर्गाला खरा कळला.

तर आता तुमचा तिसरा रकाना भरा. बी एकाच कट्ट्यातलं (पोत्यातलं) होतं का? पुड्या एकाच दिवशी बांधल्या का? ठेवल्या कुठं? पाणी किती घातलं? आणि 'उगवलं' कशाला म्हटलं?

तेरणाकाठ
१५ मे, सकाळी ७:१५

मॅडम, लेकीला शेजारी बसवून लिहितोय.

बी एकाच कट्ट्यातलं, मागच्या खरिपाचं. पुड्या ७ मेला संध्याकाळी बांधल्या. ओसरीत भिंतीकडेला एका ओळीत ठेवल्या, ऊन येत नाही. गोणपाट एकाच पोत्याचं कापलं. पाणी तांब्यानं, अंदाजे. 'उगवलं' म्हणजे काय विचारलं तर म्हणते, 'शेपूट आलेलं'. शेपूट किती, त्याला उत्तर नाही.

पाऊसवेडी
१५ मे, सकाळी ८:५०

वाचतेय. अंदाजे तांब्या आणि मूठभर मीठ, दोन्हीवर माझा आक्षेप. तुमची मूठ आणि लेकीची मूठ एक नाही. मोठ्या माणसाची मूठभर म्हणजे ४०-५० ग्रॅम तरी जाईल. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे तुम्ही सोयाबीन समुद्रापेक्षा खारट पाण्यात भिजवलं. शून्य येणारच होतं, त्यातून कळलं काहीच नाही. लिटरला २ ग्रॅम, ५ ग्रॅम, १० ग्रॅम असं चढत गेला असता तर उगवण कुठून ढासळते ते दिसलं असतं आणि आलेखही काढता आला असता. आपल्याकडे खाऱ्या बोअरची रानं कमी आहेत का? उपयोग झाला असता कुणाला तरी.

मी जालन्यात गच्चीवर सात वर्षं पाऊस मोजते, त्यामुळे ही माझी जुनी दुखरी नस आहे. पहिल्या वर्षी बाटली कापून पर्जन्यमापक केला आणि पट्टी तळापासून चिकटवली. बाटलीचा तळ उंचसखल. पहिले काही मिलिमीटर दर वेळी चुकीचे. पुढच्या वर्षी तळात सिमेंट ओतून सपाट केलं, तेव्हा कुठं आकडे सुधारले. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी, इतकं सोपं गणित आहे. पण ते बाटलीचा तळ सरळ असेल तरच.

वाळूजची_शिफ्ट
१५ मे, दुपारी १:१०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. आम्ही कंपनीच्या प्रयोगशाळेत रोज हेच करतो. नोंद पेननं करायची. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. खोडरबर टेबलावरसुद्धा चालत नाही. लेकीच्या वहीत पेन्सिलीचे आकडे असतील तर पहिलं काम ते बदला. आणि कच्ची वही तीच खरी वही. सुवाच्य अक्षरात उतरवून काढलेली पक्की वही साहेबांना दाखवायला ठीक, पण उतरवताना नेमक्या महत्त्वाच्या गोष्टी गळतात.

मापात_पाप
१५ मे, संध्याकाळी ६:३०

निवृत्तीनंतर सोयाबीनवर बोलायला मिळालं, बरं वाटलं. परभणीला कृषी विद्यापीठाच्या परिसरात उमेदीची वर्षं गेली माझी.

प्रश्न आहे ४१ आणि २९ मधल्या फरकाचा. आधी हे बघा की काहीच न बदलता किती फरक पडतो. एकाच कट्ट्यातलं बी, एकच पाणी, ५० बियांच्या दहा पुड्या बांधल्या तर दहाही पुड्यांत ३८ येणार नाहीत. ३५ येतील, ४१ येतील, एखादी त्याच्याही बाहेर जाईल. तीन-चार बियांचं इकडंतिकडं हे नशिबाचं. म्हणून उगवण चाचणीत एका पुडीवर भागत नाही, तीन-चार कराव्या लागतात. पण १२ बियांचा फरक नुसत्या नशिबानं सहसा पडत नाही. काहीतरी वेगळं घडलंय. ते पाणीच आहे असं मात्र कुणी सांगितलं?

मला एक सांगा, तो जार थंड होता का?

तेरणाकाठ
१५ मे, रात्री ८:०५

काका, मे महिन्यात साधा जार कोण घेतंय? थंडच असतो. सकाळी सकाळी आला की हात लावला तर बोटं बधिर होतात.

मापात_पाप
१५ मे, रात्री ८:४०

मग एक चोर सापडला, निदान संशयित तरी. कोरडं सोयाबीन थंडगार पाण्यात भिजलं की पहिल्या काही तासांतच त्याला इजा होते. बी पाणी शोषतं तेव्हा पेशींची पापुद्र्यासारखी आवरणं सावरायला ऊब लागते. ती नसली तर आवरणं फाटतात आणि आतलं सत्त्व बाहेर झिरपतं. मग त्यावर बुरशी ताव मारते. सोयाबीनचं टरफल पातळ, अंकुर अगदी टरफलाला चिकटून. म्हणून तर कट्टा आपटू नका म्हणून आम्ही गळा काढायचो.

म्हणजे तुमच्या पोरीनं एक चल बदलला असं तिला वाटलं, पण बदलले दोन. पाणी कुठलं, आणि पाणी किती गार. खडूफळा मॅडमच्या नटांसारखंच.

तापमान मोजलंय का?

उदगीरचा_उनाड
१५ मे, रात्री ८:४४

ताप मोजायचं घरात असंलच की. घालावं जारात.

खडूफळा
१५ मे, रात्री ९:००

उनाड, तो ३५ अंशांच्या खाली दाखवतच नाही. तापाच्या माणसासाठी आहे तो.

तेरणाकाठ
१६ मे, सकाळी १०:२०

गावातल्या दूध डेअरीत लॅक्टोमीटरसोबत तापमापक असतो, तो मागून आणला. आजचा जार ११ अंश. विहिरीचं पाणी, घागरीत रात्रभर ठेवलेलं, २८. काका, तुमचा बाण बरोबर लागला.

तेरणाकाठ
१६ मे, रात्री ९:३०

मंडळी, सकाळी मी घाई केली. आज वाळूजभाऊंचं ऐकून लेकीची कच्ची वही नीट बघितली. समासात बारीक अक्षरात लिहिलंय: 'वि. – आजीने बी दिले. जा. – मी मोजले.'

विचारलं, हे काय? तेव्हा सगळं बाहेर आलं. लेकीनं वाटीभर बी सुपात ओतलं. आमची आई शेजारीच बसलेली. तिनं आपलं सवयीप्रमाणं सूप पाखडलं आणि टपोरं, गोल, डाग नसलेलं बी निवडून नातीच्या हातात दिलं. पन्नास झाले. ती झाली विहिरीची पुडी. मग लाईट गेली, आई उठून बाहेर गेली. सुपात जे उरलं होतं त्यातलेच पन्नास लेकीनं मोजून जारच्या पुडीत घातले. मिठाच्या पुडीला परत कट्ट्यातून मूठभर आणलं.

आईला सांगितलं, तुझ्यामुळं घोळ झाला. ती म्हणते, 'बी निवडूनच पेरत्यात. त्यात माझं काय चुकलं?'

मापात_पाप
१६ मे, रात्री १०:१५

हा हा! तुमच्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगा. पेरायला त्या शंभर टक्के बरोबर आहेत, प्रयोगात मात्र त्यांनी पहिलं बक्षीस एकाच पुडीला दिलं.

एक गंमत बघा. निवडलेले ५० आणि सुपात उरलेले ५० हे एकाच वाटीतले दोन भाग आहेत ना? ४१ आणि २९ मिळवा. १०० पैकी ७०. तुमच्या कट्ट्याची खरी उगवण त्याच्या आसपास कुठंतरी असावी, असा माझा होरा. आणि ७० टक्के हीच सोयाबीनची वेस आहे. ७० किंवा वर असेल तर एकरी ३० किलो बियाणं. त्याखाली गेलं की प्रत्येक टक्क्याला एकरी अर्धा किलो वाढवायचं, असं कृषी विभाग सांगतो. तुम्ही विहिरीच्या पुडीवर विसंबून ८२ टक्के धरले असते आणि म्हटलं असतं, चला, थोडं कमीच टाकू. पेरताना तर निवडलेलं बी नसतंच हातात.

लेकीच्या वहीपेक्षा तुमच्या रानाला ही चूक महागात पडली असती.

खडूफळा
१६ मे, रात्री १०:४०

समासातली ती ओळ! तिला काय माहीत होतं त्याचं महत्त्व? तरी लिहून ठेवली. पक्क्या वहीत ती नक्की गळाली असती.

पाऊसवेडी
१७ मे, सकाळी ७:३०

आता परत करा, पण मांडणी आधी कागदावर उतरवून. आणि मीठ या फेरीत नको. तो वेगळा प्रश्न आहे, वेगळा प्रयोग होईल.

मापात_पाप
१७ मे, सकाळी ९:००

पाऊसवेडीशी सहमत. मी मांडणी सुचवतो.

परातभर बी घ्या आणि हातानं नीट कालवा. डोळे मिटून दहा-दहा उचला. सहा पुड्या, प्रत्येकी ५०. तीन विहिरीच्या, तीन जारच्या. दोन्ही पाणी रात्रभर झाकून एकाच ठिकाणी ठेवा, सकाळी तापमान सारखं झालं का बघा. पाणी तांब्यानं नाही, औषधाच्या बाटलीच्या टोपणानं मोजून. कुठल्या पुडीला कुठलं पाणी, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. आपण हातानं वाटतो तेव्हा नकळत पक्षपात होतो, चिठ्ठी करत नाही.

पुड्यांवर पाण्याचं नाव लिहू नका. क, ख, ग असं काहीतरी घाला. कशात काय ते एका कागदावर लिहून कुणाकडं तरी ठेवायला द्या. मोजणाऱ्याला कळता कामा नये.

हे उगाच सोवळं नाही. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर नावाचा माणूस होता. तिथल्या एक बाई म्हणाल्या, कपात दूध आधी ओतलं का चहा, हे मी चवीवरून सांगते. त्यांची परीक्षा आठ कपांनी घेता येते. चार असे, चार तसे, क्रम सरमिसळ, बाईंना माहीत नाही. नुसत्या अंदाजानं आठही बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये १. कप दोनच असते तर अंदाजानंही निम्म्या वेळा बाई जिंकल्या असत्या. तुमच्या एकेका पुडीचं तसंच आहे.

आणि आता शेपूट. किती लांबीला उगवलं म्हणायचं, ते पुडी उघडायच्या आधी ठरवा. नाहीतर काठावरच्या बिया मनाला वाटेल त्या बाजूला पडतात. याचा आपल्या मातीतला दाखला आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे, मोठे संख्याशास्त्रज्ञ. पीक विम्यामुळं आता सगळ्यांना माहीत असलेला पीक कापणी प्रयोग, म्हणजे रानात दोरीनं तुकडा आखून तेवढंच कापून उत्पन्न मोजायचं, त्याची पद्धत बसवण्यात त्यांचा मोठा वाटा. चाळीसच्या दशकात त्यांनी दाखवलं की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न जास्त भरतं. का? तर दोरीवर आलेलं ताट आत धरायचं का बाहेर, अशा वेळी माणूस ते आत ओढतो. तुकडा लहान तितका काठ जास्त, आणि काठ जास्त तितका लोभ जास्त. दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस लहान तुकड्यांच्या बाजूचे, त्यामुळे दोघांत चांगलीच जुंपली होती.

पोरीला सांगा, तुझ्या पुडीतही काठ आहे.

उदगीरचा_उनाड
१७ मे, सकाळी ९:२०

तुमी समदे मोठं मोठं बोललालाव. पन आजीला इचारलं का कुनी? तिचं सूप एवढं भारी हाय तर त्याचीबी एक पुडी हुन जाऊ द्या की.

मापात_पाप
१७ मे, सकाळी ९:३१

उनाड, आजवरचा तुमचा सगळ्यात शहाणा प्रतिसाद. दोन पुड्या निवडलेल्या बियांच्या, विहिरीच्याच पाण्यात. म्हणजे तिथं बदल फक्त निवडीचा.

तेरणाकाठ
१८ मे, रात्री ८:५०

आज सकाळी आठ पुड्या बांधल्या. दोन्ही पाणी सकाळी २७ अंश. चिठ्ठ्या लेकीनं टाकल्या. कशात काय याचा कागद बायकोनं पिठाच्या डब्यावर, वरच्या फळीला ठेवलाय. मोजणार आई. उगवण म्हणजे मूळ बोटाच्या एका पेराएवढं आणि अंकुर सरळ. पेर आईचं, तेही फुटपट्टीवर मोजून घेतलं: अडीच सेंटीमीटर. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक पुडीला दहा टोपणं पाणी.

ओसरी तीच.

वाळूजची_शिफ्ट
१८ मे, रात्री ११:४५

पेराचं माप लिहून ठेवलंत, झकास. आमच्याकडं याला रीतसर फॉर्म असतो, इथं आजीचं बोट आहे. दोन्ही चालतं, माप सगळ्या पुड्यांना एकच असल्याशी मतलब.

तेरणाकाठ
२३ मे, दुपारी १२:१०

घात झाला. शेळी सुटली आणि एक पुडी ओढून नेली. आई ओरडत धावली तोवर गोणपाट अंगणात आणि अंकुर शेळीच्या तोंडात. गोणपाटावर सात-आठ बिया चिकटलेल्या राहिल्यात. आता काय लिहायचं? लेक रडकुंडीला आलीय. शून्य लिहू का?

पाऊसवेडी
२३ मे, दुपारी १२:२५

शून्य अजिबात नको! शून्य म्हणजे 'मोजलं आणि एकही उगवलं नाही'. तुमचं 'मोजताच आलं नाही'. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी एकदा पुण्याला लग्नाला गेले होते, दोन दिवस मापक बघितला नाही. आल्यावर ३१ मिलिमीटर. पहिल्या दिवशी ० आणि दुसऱ्या दिवशी ३१ लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला वाटलं असतं, केवढा धो-धो पडला एका दिवसात. मी दोन दिवसांची मिळून एक नोंद केली आणि शेजारी 'लग्न' असं लिहिलं. हवामान खातं रोज सकाळी साडेआठला मोजतं ते त्यासाठीच, चोवीस तासांची सीमा हलू नये म्हणून.

उरलेल्या सात-आठ बियांवरूनही हिशेब करू नका. शेळीनं चिकटलेल्या का सोडल्या? उगवलेल्या होत्या त्या तिनं आधी खाल्ल्या असणार. म्हणजे उरलेल्याही निवडलेल्याच, उलट्या बाजूनं.

मापात_पाप
२३ मे, दुपारी १:००

शेळीनं सुपाचं काम केलं म्हणायचं. जागा रिकामी ठेवा आणि कारण लिहा.

तेरणाकाठ
२४ मे, सकाळी ११:३०

आईनं मोजलं, लेकीनं पेननं लिहिलं, मग फळीवरचा कागद काढला.

विहीर: ३७, ४१, ३५
जार: ३९, ३६, (शेळी)
निवडलेलं, विहिरीचं पाणी: ४५, ४४

विहिरीची सरासरी ३७.६७, जारची ३७.५. म्हणजे पाण्यानं काही फरक नाही, बरोबर ना? जार चालू ठेवायचं फर्मान निघालंय.

खडूफळा
२४ मे, दुपारी १२:१५

बरोबर. लेकीला एक दाखवा: विहिरीच्याच तीन पुड्यांमध्ये ३५ ते ४१ असा सहाचा फरक आहे. दोन पाण्यांच्या सरासरीत पाव बीसुद्धा नाही. एका रेषेवर सगळे ठिपके मांडायला सांगा, विहिरीचे निळे, जारचे लाल. निळ्यांच्या पसाऱ्यातच लाल बसतील. निवडलेल्याचे दोन हिरवे मात्र लांब उजवीकडे जातील. आलेख असा काढला की सरासरीपेक्षा जास्त बोलतो. आणि ते ३७.६७ नको. मोजल्या पूर्ण बिया, दोन दशांश कुठून आणता? ३८ लिहा, फार तर ३७.७.

मापात_पाप
२४ मे, दुपारी १२:५०

न निवडलेल्या पाच पुड्या मिळून २५० पैकी १८८, म्हणजे ७५ टक्के. एकरी ३० किलो, निर्धास्त पेरा. पुरेसा पाऊस झाल्याशिवाय मात्र तिफण जुंपू नका, आणि बीजप्रक्रिया (पेरायच्या आधी बियांना औषध चोळणं) विसरू नका. मातोश्रींचं सूप ७५ चे ८९ करतं, पण ३० किलो बी सुपावर कोण निवडणार? गावात स्पायरल सेपरेटर असला तर बघा. गोल बी त्यात लांब घरंगळतं, फुटकं-चपटं आतल्या अंगाला राहतं. आजीचीच नजर, फक्त पत्र्याची.

एक हिशेब बाकी राहिला. पहिल्या फेरीत जार कमी आला तो सुपामुळं का थंडीमुळं? सुपाचा हात तर दिसला. थंडीचा अजून सिद्ध नाही, माझा तो नुसता संशय होता. ११ अंशांचं पाणी विरुद्ध तेच पाणी निवल्यावर, तीन-तीन पुड्या, असं केल्याशिवाय मी तो मागे घेणार नाही आणि ठामपणे मांडणारही नाही.

तेरणाकाठ
२६ मे, रात्री ९:१०

थंडीच्या सहा पुड्या आज बांधल्या. शेळी आता गोठ्यात दाव्याला.

एक अडचण आली. लेकीनं वहीचा फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला. तिथून उत्तर आलं की तक्ता अपुरा दिसतो, तिसऱ्या जागी सरासरी भरून टाक, आणि शेळीचा उल्लेख काढ, वही तपासणाऱ्याला बरं दिसत नाही. पहिल्या फेरीचं पानही काढून टाक, चुकलेला प्रयोग कशाला ठेवायचा.

मी म्हणलं, लिहून टाक ३८, कशाला वाद. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गप्पच झालो. म्हणाली, 'बाबा, ३८ मी मोजलेच नाहीत.'

वाळूजची_शिफ्ट
२६ मे, रात्री ९:४०

शिक्षण झालं की इकडं पाठवा तिला. आमच्याकडं असली माणसं कमी पडतात.

खडूफळा
२६ मे, रात्री १०:०५

शिक्षक म्हणून जरा शरम वाटली वाचून. पहिल्या फेरीचं पान काढू देऊ नका. त्यावर एक आडवी रेघही नको, ते चुकलेलं नाही. समासातल्या आजीसकट तसंच राहू द्या आणि पुढच्या पानावर 'का परत केला' ते लिहायला सांगा. सरांशी मी बोलले असते, पण ते तिनंच बोलावं.

तेरणाकाठ
२७ मे, सकाळी ७:४०

बोलली. फोनवर, मी शेजारी होतो. सर आधी हसले, मग म्हणाले ठेव तसंच, पण अक्षर नीट काढ. आता जारच्या तिसऱ्या चौकटीत सुवाच्य अक्षरात आहे: 'शेळीने खाल्ली. मोजता आली नाही. २३ मे.' खाली सही.

उदगीरचा_उनाड
२७ मे, सकाळी ७:५५

शेळीला कोन्तं पानी आवडलं ते लिवलं का न्हाई? आठ पुड्या सोडून जारचीच धरली की तिनं.

तेरणाकाठ
२७ मे, सकाळी ८:१०

वाचून दाखवलं. लेक म्हणते, एका शेळीवरून सांगता येत नाही. आणि ती पुडी दारातून पहिली होती.